बिनवाऱ्याची पेटी

बोथ, १८ सप्टेंबर २०२४

चि. नीलिमास सुधाकरमामाचे अनेक आशीर्वाद.

निलू, तू गणपतीत आलीस, माझ्या पेटीचं पोट फाडलंस, त्यात वायरी कोंबल्यास आणि मंचेरियलला पळून गेलीस. पेटी मुकी आहे. आधी निदान डाव्या हाताने भाता मारला तर ती बोलायची. आता डावा हात खांद्यापासून जाम आणि उजव्या हाताने काहीही दाबलं तरी आतून श्वाससुद्धा येत नाही.

तू काय काय केलंस ते एकदा लिहितो, चुकलं तर सांग. पेटीतल्या पितळी सुऱ्या, ज्या वाऱ्याने वाजतात त्या, काढल्या. पट्ट्यांच्या खाली भंगारातल्या कुठल्यातरी इलेक्ट्रिक कीबोर्डचं अंग बसवलं. त्याची वायर त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला, जो तुझ्या म्हणण्याप्रमाणे लिनक्सशिवाय काही पचवू शकत नाही. लॅपटॉपची वायर तू हाताने बनवलेल्या आवाजाच्या डब्याला. डब्याचा स्पीकर पेटीच्या पोटात. लॅपटॉप आणि डबा पोकळ चौरंगात, आणि चौरंगावर पेटी. बाहेरून बघणाऱ्याला तीच जुनी पेटी आणि तोच जुना मामा. भाता मी नावापुरता बोटाने हलवायचा.

सगळं बरोबर ना? मग वाजत काऊन नाही?

मला घाई आहे. कार्तिक पौर्णिमेला बाजारहत्नूरला भजन स्पर्धा आहे आणि आमच्या भजनी मंडळाने ठरवून टाकलंय की सुधाकरचा खांदा गेला, तर पेटीवर चंपतराव बसेल. जन्मभर टाळ कुटणारा चंपत! परवा दुकानात येऊन मला म्हणतो, "तुमी आराम करा गा, आमी निभावून नेऊ." निलू, पेटीपुढची ती जागा एकदा सुटली की मला कोणी परत बोलावणार नाही. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत बसेन आणि लोक म्हणतील, हे पूर्वी चांगलं वाजवायचे. मला ते नको. बाकी काहीही चालेल.

फोन करू नकोस. दुकानात चंपत सकाळपासून पेपर वाचत बसलेला असतो आणि घरात तुझी मामी. मेसेजही नको, चष्मा घरी राहिला की माझे मेसेज चंपतच मला वाचून दाखवतो. पोस्टमन मात्र भजनात नाही, त्यामुळे पत्र सुरक्षित.

तुझा,
सुधाकरमामा


मंचेरियल, २३ सप्टेंबर २०२४

ती. सुधाकरमामांस नीलिमाचा सा. नमस्कार.

पळून नाही गेले, नोकरीवर आले. इथे कोळशाच्या ट्रकांचे वजनकाटे माझ्या जिवावर चालतात आणि काटा बिघडला की ड्रायव्हर लोक तेलुगूत माझा उद्धार करतात. तुम्ही मराठीत करता, तेवढाच फरक.

आता सांगा. लॅपटॉपमधून निघालेल्या मिडीच्या, म्हणजे सुरांचे निरोप नेणाऱ्या, वायरीला दोन तोंडं आहेत. एकावर इंग्रजीत इन लिहिलंय, दुसऱ्यावर आउट. माझ्या डब्यालाही दोन गोल भोकं, तशीच इन आणि आउट. तुम्ही इनमध्ये इन घातलं असणार. मला शपथेवर सांगा, घातलं ना? बियाण्याच्या दुकानात तुम्ही कापूस लिहिलेलं पाकीट कापसाच्या खणातच ठेवता, ज्वारीच्या नाही, हे मला माहीत आहे. इथे उलटं आहे. लॅपटॉपमधून जे बाहेर येतं ते डब्यात आत जायला हवं. म्हणजे वायरीवरचं आउट, डब्याच्या इनमध्ये. तुम्ही दोन कान एकमेकांना लावून बसला आहात, बोलणारं कोणीच नाही.

दुसरं, लॅपटॉप सुरू केल्यावर मी देऊन आलेल्या कागदावरचा पहिला हुकूम टाइप केला का? तो टाइप केल्याशिवाय पट्ट्यांचं डब्यापर्यंत पोचत नाही. लॅपटॉपला दोघंही दिसतात, पण आपणहून तो त्यांची गाठ घालून देत नाही. आणि लॅपटॉप बंद करून परत लावला की हे विसरतो. दर वेळी टाइप करायचं.

मोबाईल डब्याजवळ ठेवू नका. स्पीकरमधून टर्रर्र येईल आणि भजनात कोणीतरी बेडूक आणलाय असं वाटेल.

रेणुकामामीला तुम्ही काय सांगितलंय?

नीलिमा


बोथ, ३० सप्टेंबर २०२४

चि. निलूस आशीर्वाद.

शपथेवर सांगतो, इनमध्ये इनच घातलं होतं. शहाण्या माणसाने दुसरं काय करावं?

उलटं केलं, हुकूम टाइप केला आणि पेटी बोलली गं! माझीच पेटी. जरा सर्दी झाल्यासारखी, पण माझीच. मला रडू आलं, ते मी मिरचीच्या फोडणीवर घातलं. तुझ्या मामीला मी सांगितलंय की पेटीला तेलपाणी केलं. तिला काही कळलेलं नाही. भोळी आहे ती.

गुरुवारी मंडळात जाऊन बसलो. सगळे थक्क. पंढरी, आमचा गाणारा, म्हणाला, "खांदा सुटला काय जी?" मी म्हटलं, तेलाने मालीश केली, सुटला. पेटीचा आवाजही चौघांनी वाखाणला. चंपत माझ्या समोरच टाळ घेऊन बसला होता, तो नुसता आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. जळला असेल.

एक लहानशी गोष्ट मात्र झाली. चौरंगात लॅपटॉप ठेवून मी वरची फळी लावली आणि पहिला अभंग अर्ध्यावर आला तसा पेटीचा आवाज निघून गेला. फळी काढली, लॅपटॉपचं झाकण उघडलं, तर तो झोपलेला. मी सगळ्यांना सांगितलं की पेटीत झुरळ आहे. आता हे तूच सांग, भजन ऐकून संगणकाला झोप येते का?

सुधाकरमामा


मंचेरियल, ४ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस सा. न.

झाकण मिटलं की झोपायचं, ही त्याची सवय आहे. तुम्हीही दुकानात तेच करता. सोबतच्या कागदावर एक ओळ लिहिली आहे, कुठल्या फायलीत जाऊन काय बदलायचं तेही. ठिपका, बरोबरचं चिन्ह, सगळं जसंच्या तसं. त्यानंतर झाकण मिटलं तरी तो जागा राहील.

भोळ्या मामीबद्दल मी काही बोलत नाही.

तुम्हाला आनंद झालेला वाचून मलाही झाला. फार.

नीलिमा


बोथ, १४ ऑक्टोबर २०२४

चि. निलूस आशीर्वाद.

झोप गेली. नवरात्रात रोज बसलो, एकदाही दगा दिला नाही. आणि दसऱ्याच्या दिवशी ठार मुकी.

हुकूम टाइप केला. लॅपटॉप म्हणतो, सगळं ठीक. वायरी तू सांगितल्या तशा. डब्याचा हिरवा दिवा लागलेला. पट्टी दाबली की आधी तो दिवा लुकलुकायचा, आता नुसता बघत राहतो. मी काहीही केलेलं नाही. हातसुद्धा लावलेला नाही. एक दिवस आधी खंडेनवमी होती म्हणून दुकानाचा तराजू, मामीची विळी आणि पेटी, सगळं देवापुढे मांडलेलं होतं, चौरंगासकट. तेव्हा तर वाजवायचीच नव्हती. आपोआप बिघडली.

मंडळाला सांगितलं, खांदा पुन्हा धरला. चंपतने दुसऱ्याच दिवशी कुठूनतरी पेटी मिळवून घरी सराव सुरू केलाय. बाजारातून जाताना ऐकू येतो. एक सूर लावतो आणि पुढचा शोधायला निघतो, तो त्याला सापडेपर्यंत माझं दूध आणून होतं. हा माणूस माझ्या जागेवर बसणार आहे निलू. काहीतरी कर.

सुधाकरमामा


मंचेरियल, १८ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस सा. न.

दिवा लागतो पण लुकलुकत नाही, म्हणजे डबा जिवंत आहे आणि त्याच्या कानावर काही पडत नाही. लॅपटॉप बोलतोय, डबा ऐकत नाही. मध्ये फक्त गोल भोक आणि त्यात बसणारी पाच काड्यांची पिन.

मला एकच सांगा. खंडेनवमीला पूजा कोणी केली, आणि कशाकशाला काय काय लावलं?

ती पिन बाहेर काढा. उजेडात धरा. काड्या चांदीसारख्या दिसतायत की लाल? लाल असतील तर मऊ ब्रशने आणि औषधाच्या दुकानातल्या जंतुनाशक स्पिरिटने पुसा. भोक पण पुसा, पण वायरी काढून आणि डबा बंद करून. पाणी नाही. तेल तर अजिबात नाही, तुमचा मालिशीवरचा विश्वास मला माहीत आहे.

नीलिमा


बोथ, २८ ऑक्टोबर २०२४

चि. निलूस आशीर्वाद.

लाल. पाचही. ओल्या कुंकवाचा पार गोळा झाला होता. पुसलं आणि दिवा लुकलुकला!

आता उंदीर तर कुंकू लावत नाहीत. पण मी हिला विचारणार कसा? विचारलं की ती विचारेल, पेटीखाली भोकं कशाची. म्हणून गप्प बसलोय.

पेटी आता पूर्वीपेक्षा सुरेख झाली आहे. मी एक सांगायचं विसरलो होतो, तू जी आपोआप षड्ज धरून ठेवायची सोय केली आहेस ती फार आवडली सगळ्यांना. भजनाआधी मी रिवाजाप्रमाणे सा दाबून गाणाऱ्याला सूर देतो, आणि मग बोट उचललं तरी मागे तो सा मंद चालूच राहतो, भजन संपून मी डब्याचं बटण बंद करेपर्यंत. जुन्या पेटीला खुंटी ओढून असा सूर ठेवता यायचा, ती खुंटी कधीच मोडली होती. तुला कसं सुचलं? आमचं मंडळ सदा काळी दोनमध्ये गातं, त्यामुळे तो सूर कायम बरोबरच बसतो. पंढरी म्हणाला, "पेटी नाही गा, मागे तंबोरा बसून राह्यला."

खांदा पुन्हा सुटल्याचं जाहीर केलं. चंपतने सराव बंद केला. चेहऱ्यावर त्याच्या मला आनंद दिसला, पण तो उसना असणार.

सुधाकरमामा

[याच कागदाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात]

निलू, पाकीट चिकटवायला मामाने माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. त्यांना वाटते मला माहीत नाही. तुमी दोघांनी पेटीचं पोट फाडलं तेव्हा मी दाराआडून बघून राह्यली होती. कुंकू मीच लावलं. फळी काढून वायर उपसली, पाच छिद्रं दिसली, पाचही बोटं टेकवली अन् वायर परत लावली. घरात नवं यंत्र आलं, त्याला सोडून विळीला कुंकू लावू काय? मामाला सांगू नको. त्यांना चोरी करण्यात लई मजा येऊन राह्यली. — रेणुकामामी


मंचेरियल, २ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस सा. न. आणि पाडव्याच्या शुभेच्छा.

मी षड्ज धरून ठेवायची कसलीही सोय केलेली नाही.

मामा, नीट ऐका. बोट उचललं की सूर थांबलाच पाहिजे. तो थांबत नाही याचा अर्थ बिघाड आहे, आणि तुम्ही सगळे त्या बिघाडाला दाद देताय. इथे मी माझ्या कीबोर्डवर डबा तपासला तेव्हा प्रत्येक सूर नीट थांबत होता. मग तुमच्याकडे काय वेगळं होतंय ते मला बघायला हवं.

सोबतच्या कागदावर एक हुकूम आहे. तो दिला की पट्ट्यांमधून जे काही येतं ते लॅपटॉप आकड्यांत दाखवतो. काळी दोन दाबा, काय दिसलं ते लिहा. सोडा, काय दिसलं ते लिहा. तुमचं मत लिहू नका, फक्त आकडे.

नीलिमा


बोथ, ८ नोव्हेंबर २०२४

चि. निलूस आशीर्वाद.

दाबल्यावर: ९०, ३एफ, ४०. सोडल्यावर: ९०, ३एफ, ००. चार वेळा करून पाहिलं, तेच.

आता माझं मत. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. भाचीने चुकून का होईना मामाला तंबोरा दिला, तो परत मागू नये.

आम्ही १३ तारखेलाच बाजारहत्नूरला जातोय. पंढरीची बहीण तिथे असते, तिच्याकडे उतरणार. मोबाईल घरीच ठेवणार आहे, तूच म्हणालीस बेडूक नको.

निलू, परवा रस्त्यात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. "यंदा पेटीवर तुमीच ना जी?" असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मग कोण? हे दोन शब्द म्हणायला मिळावेत म्हणून मी तुला एवढा छळतोय.

सुधाकरमामा


मंचेरियल, १२ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

पत्र आत्ता मिळालं. ही चिठ्ठी बसच्या पार्सलने पाठवतेय, सोबत नवी चिप आहे. जुनी काढून ही बसवा, खाच डावीकडे.

झालंय असं. पट्टी सोडली की तुमचा भंगारातला कीबोर्ड 'सूर बंद' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, 'सूर चालू, जोर शून्य'. पहिला आकडा ९० म्हणजे चालू, शेवटचा ०० म्हणजे जोर नाही. तुमच्या गावात नाही का, पाहुण्याला उठा म्हणत नाहीत, नुसता चहा आणायचा थांबवतात, तसं. बाकीच्या यंत्रांना हा इशारा कळतो. माझ्या डब्याला कळत नाही, कारण मी त्याला शिकवलाच नाही. चूक माझी.

डब्यात आवाजाला दोनच जागा आहेत. पहिल्यांदा दाबलेला सूर एका जागेवर बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. नंतरचे सगळे दुसऱ्या जागेवर एकमेकांना उठवत बसतात. तुम्ही नेहमी आधी सा देता, म्हणून अडकतो तो सा. काळी दोनमध्ये गाताय तोवर तो तंबोरा वाटेल. पंढरीभाऊंनी पट्टी बदलली तर मेलो. चिप बसेपर्यंत प्रत्येक भजनानंतर बटण बंद करून परत चालू करा. प्रत्येक भजनानंतर, मामा!

फोन करतेय, तुमचा फोन घरातून मामी उचलतात आणि म्हणतात, ते सकाळीच निघाले, एक दिवस आधीच, उत्साह मावत नव्हता.

नीलिमा


बोथ, १७ नोव्हेंबर २०२४

चि. निलूस आशीर्वाद.

तुझं पार्सल घरी आल्यावर मिळालं. चिठ्ठी वाचून मी बराच वेळ हसलो आणि मग हसू थांबलं.

पहिला अभंग उत्तम झाला. टाळ्या पडत होत्या, त्या नादात मी बटण बंद केलं नाही, तंबोरा चालू राहिला, लोकांना आवडत होता. तेवढ्यात पंढरी माझ्या कानात म्हणतो, "घसा बसून राह्यला जी, पांढरी दोन द्या." मी पांढरी दोनचा सा दिला. निलू, मागे काळी दोन, पुढे पांढरी दोन. एका खोलीत दोन सवती. सगळा मांडव कण्हायला लागला. मी घाबरून उजवा हात उचलला, तर हात हवेत आणि पेटी चालू! पुढच्या रांगेतली एक बाई माझ्या हाताकडे बघायला लागली, तसा मी हात परत पट्ट्यांवर टाकला आणि बोटाने भाता जोरात हलवायला लागलो.

आणि त्याच वेळी चंपत, देवाने पाठवल्यासारखा, एकदम उभा राहून जयघोष करायला लागला. मंडळ ओरडलं, मांडव ओरडला. चंपत नाचत पुढे आला, धडपडला, चौरंगावर आदळला आणि कसली तरी वायर तुटली. पेटी बंद. धसमुसळा माणूस, पण त्या दिवशी त्याचा धसमुसळेपणा कामी आला.

मग पंढरीने अभंग उचलला. मी काय करणार? बोटं फिरवत राहिलो. सूर नाही, वारा नाही, लाकडाच्या पट्ट्यांची टकटक तेवढी. तीन अभंग असे गेले.

निकाल लागला. मंडळाला दुसरा नंबर. आणि उत्तम पेटीवादक म्हणून, सुधाकरराव, बोथ. परीक्षक म्हणाले, पेटी कुठेही गायकाच्या वर गेली नाही.

इतकी वर्षं मी जीव ओतून वाजवली, कोणी विचारलं नाही. वाजवली नाही तेव्हा शाल मिळाली. सगळे हसत होते, मीही हसलो, पण घरी आल्यावर मला लाज वाटली गं. माझ्यावाचून काही अडत नाही हे मला शाल घालून सांगितलं त्यांनी. मी चंपतला सांगून टाकलंय, आता तू बस. डबा पार्सलने परत पाठवतोय. तुझं काम चोख होतं, मामाच नको तिथे अडकून बसला होता.

सुधाकरमामा


बोथ, २० नोव्हेंबर २०२४

चि. नीलिमा यांस,

अर्जदार चंपतराव, सेवानिवृत्त कारकून, महसूल खाते, यांचा आशीर्वाद. पत्ता रेणुकावहिनींकडून हासिल केला. सदर पत्र सुधाकररावांच्या नजरेस पडू नये.

खुलासा असा की, मी भजनात पेटीच्या बरोबर समोर बसतो. पेटीचा भाता मागच्या अंगाला असतो. सबब सुधाकररावांच्या भात्याचा वारा आजवर माझ्या गुडघ्यांवर येत आला आहे. थंडीत मी त्यांना शिव्याही दिल्या आहेत. सप्टेंबरात ते मालीश करून परत आले, पेटी वाजली, आणि माझ्या गुडघ्यांना वारा लागला नाही. मी तेव्हाच समजलो. बोललो नाही, कारण मला पेटी येत नाही. मंडळाने बसवलं म्हणून बसलो होतो. माझा सराव सुरू झाला की आमच्या मंडळी कौशल्याबाई शेजारी जाऊन बसत. तुमचं यंत्र चालावं म्हणून सुधाकररावांपेक्षा मी जास्त नवस केले आहेत.

बाजारहत्नूरला मी धडपडलो नाही. आधी जाड वायर ओढली, सूर थांबला नाही. मग लाल ओढली, तेव्हा थांबला. कोणती ओढायची ते पुढच्या वेळेसाठी कळवावं.

परत येताना टेम्पोत सुधाकरराव पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. मागे असं उघडकीस आलं की यंत्राची बाब मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्यालाच माहीत आहे.

आता मुद्दा. पेटी बंद पडल्यावर तीन अभंग आम्ही कसे गायलो, हे सुधाकररावांनी विचारलं नाही. आम्ही त्यांच्या बोटांकडे बघून गायलो. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, पंढरी एकेका पट्टीकडे बघून उचलत होता. सूर नव्हता तरी सुधाकरराव आम्हाला नेत होते. ते बोट उचलते तर आम्ही तिथेच बसलो असतो. हे त्यांना तोंडावर सांगायची मला लाज वाटते, आम्ही लहानपणापासून एकमेकांना शिव्याच देत आलो आहोत.

तरी त्यांचा राजीनामा नामंजूर व्हावा, ही विनंती. आणि पुन्हा लिहितो, हे पत्र त्यांना दाखवू नये. कृपा करून दाखवू नये.

आपला,
चंपतराव


मंचेरियल, २५ नोव्हेंबर २०२४

ती. सुधाकरमामांस सा. न.

सोबत चंपतकाकांचं पत्र जोडलं आहे. दाखवू नये असं त्यांनी तीनदा लिहिलंय, म्हणजे दाखवावं अशी त्यांची फार इच्छा असणार. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? मग उठा आणि पार्सल उघडा. डब्यात नवी चिप बसवून दिली आहे, बोट उचललं की सूर थांबतो. तुमचा तंबोरा मात्र ठेवलाय, त्यासाठी वेगळं बटण आहे, आणि तो कुठल्याही पट्टीत धरता येतो. आणखी एक छोटा पंखा आहे, जुन्या कॉम्प्युटरमधला. तो भात्याच्या मागे, बाहेर तोंड करून बसवायचा. आवाजाशी त्याचा काही संबंध नाही. कशासाठी ते तुम्हाला कळेल.

मामीला सांगा, कुंकू डब्याच्या झाकणावर लावा.

नीलिमा


बोथ, ३ डिसेंबर २०२४

चि. निलूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून तिसऱ्यांदा वाचलं.

गुरुवारी मंडळात गेलो. पेटीपुढची जागा रिकामी होती आणि सगळे इकडेतिकडे बघत होते. मी कोणाला काही न विचारता जाऊन बसलो. पंढरीला सा दिला, बोट उचललं, सूर थांबला. नावापुरता भाता हलवायला घेतला आणि बोटानेच पंख्याचं बटण दाबलं.

चंपतने टाळ हातात घेतले आणि थांबला. आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लई वारा लागून राह्यला गा सुधाकर."

मी म्हटलं, "थंडी हाय ना गा. धोतर ओढून घे अन् टाळ धर."

त्याने धोतर ओढून घेतलं आणि आम्ही सुरुवात केली.

तुझा,
सुधाकरमामा